‘ट्रान्झिशन’ : एका शब्दाचा प्रवास आणि त्याने गिळलेले प्रश्न



आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे एक इंग्रजी शब्द आहे, ‘ट्रान्झिशन’. आपण त्याला संक्रमण म्हणतो, स्थित्यंतर म्हणतो, कधी संधिकाल म्हणतो. वर्तमानपत्र उघडलं की एनर्जी ट्रान्झिशन असतं, डिजिटल ट्रान्झिशन असतं. कंपनीतला माणूस म्हणतो, आमच्याकडे सध्या ट्रान्झिशन चालू आहे. अर्थतज्ज्ञ म्हणतात, देश संक्रमणातून जातो आहे. ऐकणारा मान डोलावतो. पण कुठून निघालो, कुठे चाललो, कधी पोचणार आणि वाटेतला खर्च कोणाच्या खिशातून, हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही. हा शब्द ते प्रश्न गिळून टाकतो. त्याला ही सवय कशी लागली, हे आज इतिहासातून पाहायचं आहे.

सुरुवात आपल्या घरातल्या पंचांगापासून करू. मकरसंक्रांत. ‘संक्रांती’ आणि ‘संक्रमण’ हे एकाच धातूतून आलेले शब्द आहेत. सम् आणि क्रम्. क्रम् म्हणजे पाऊल टाकणं. आता पंचांगातली संक्रांतीची नोंद आठवा. सूर्य कोणत्या राशीतून निघाला? धनू. कोणत्या राशीत गेला? मकर. केव्हा? तास-मिनिटांसकट दिलेलं असतं. म्हणजे मुळात संक्रमण हा एक क्षण आहे. ‘संक्रमणकाळ’ हा शब्द आपण नंतर केला. आणि पंचांग एवढ्यावर थांबत नाही. संक्रांत कोणत्या वाहनावर बसून येते, कोणत्या दिशेकडून येते, कोणत्या दिशेला जाते, तिने काय नेसलंय, तिच्या हातात काय आहे, हेही सांगतं. लोकसमजूत अशी की ती जिकडून येते तिकडे सुख आणि जिकडे जाते तिकडे पीडा. तिच्या अंगावर जे असेल ते महाग होणार. ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. यातल्या फलज्योतिषावर माझा विश्वास नाही, पण त्यातली प्रश्नावली मला फार शहाणपणाची वाटते. कुठून, कुठे, केव्हा आणि कोणावर? हे चार प्रश्न हाताशी ठेवून आता आपण युरोपात जाऊ.

लॅटिनमध्ये ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘ईरे’ म्हणजे जाणं. त्यावरून ‘ट्रान्सितिओ’, म्हणजे पलीकडे जाणं. हा शब्द रोमन लोक अगदी ठोस गोष्टींसाठी वापरत. एक सैनिक आपली छावणी सोडून शत्रूच्या छावणीत गेला, तर ती ट्रान्सितिओ. आपण ज्याला फितुरी म्हणू ती. दुसरा वापर कायद्यातला. रोममध्ये पॅट्रिशियन हे वरच्या कुळांतले आणि प्लेबियन हे बाकीचे. उच्च कुळातल्या माणसाने आपला दर्जा सोडून प्लेबियन व्हायचं, यालाही ‘ट्रान्सितिओ’च म्हणत. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे क्लोडियस. ट्रिब्यून या पदावर फक्त प्लेबियन माणसाला उभं राहता येई. क्लोडियसला ते पद हवं होतं. म्हणून इसवी सनपूर्व ५९ मध्ये त्याने एका प्लेबियन माणसाला दत्तक जाऊन आपला वर्गच बदलून घेतला. पुढच्याच वर्षी तो ट्रिब्यून झाला आणि त्याने सिसेरोला रोमबाहेर घालवलं.

या दोन्ही वापरांत काय समान आहे? पलीकडे जाणारा माणूस दिसतो. त्याला नाव आहे, हेतू आहे, आणि परिणामांची जबाबदारीही त्याचीच आहे. ‘सैन्यात संक्रमण झाले’ असं म्हणून फितुराला सुटता येत नसे.

रोमन वक्तृत्वशास्त्रात हाच शब्द एका अलंकारासाठी आला. ‘रेतोरिका आद हेरेन्नियुम’ नावाचा इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला ग्रंथ आहे. त्यात ट्रान्सितिओ म्हणजे काय? वक्त्याने आतापर्यंत काय सांगितलं ते थोडक्यात आठवून द्यायचं आणि पुढे काय सांगणार ते जाहीर करायचं. आपले कीर्तनकार पूर्वरंगातून उत्तररंगात जाताना असाच सांधा जुळवतात. म्हणजे इथेही दोन्ही काठ स्पष्ट आहेत, आणि नेणारा श्रोत्यांच्या समोर उभा आहे. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुळला, तेव्हा तो हे सगळे जुने अर्थ घेऊनच आला.

मग त्यातला माणूस गेला कुठे? इथे आपल्याला जरा अनपेक्षित ठिकाणी जावं लागेल. भूगर्भशास्त्रात.

जर्मनीत सॅक्सनीमधल्या फ्रायबर्ग इथे खाणकामाची एक नामांकित अकादमी होती. तिथे अब्राहम वेर्नर १७७५ पासून शिकवत होता. त्याने खडकांची वर्गवारी केली. एका टोकाला अतिप्राचीन खडक, म्हणजे ग्रॅनाइट वगैरे, ज्यांत जीवाश्म नाहीत. दुसऱ्या टोकाला थरांचे खडक, ज्यांत जीवाश्म भरपूर. पण काही खडक दोन्हींत नीट बसेनात. त्यांना त्याने ‘मधल्या अवस्थेचे खडक’ म्हटलं. इंग्रजीत त्याचं ‘ट्रान्झिशन रॉक्स’ झालं. पुढची कित्येक वर्षं युरोपभर हे नाव चाललं.

१८३१ साली रॉडरिक मर्चिसन आणि ॲडम सेजविक या दोघांनी वेल्समध्ये याच खडकांचा अभ्यास सुरू केला. वाकलेले, मोडलेले, उलटेपालटे झालेले थर. त्यांनी ते एकेक करून उलगडले, जीवाश्म गोळा केले, क्रम लावला. १८३५ साली त्यांनी नावं जाहीर केली, सिल्युरियन आणि कॅम्ब्रियन. ही आज शाळेच्या पुस्तकातही असतात. आणि ‘ट्रान्झिशन रॉक्स’ हे नाव हळूहळू मागे पडलं. कारण नीट पाहिल्यावर कळलं की ते खडक कशाच्या ‘मधले’ नव्हतेच. त्यांचा स्वतःचा कोट्यवधी वर्षांचा काळ होता, स्वतःचे जीव होते, स्वतःचे समुद्र होते. ‘मधलं’ हे नाव खडकांच्या स्वभावातून आलं नव्हतं. पाहणाऱ्याला दोन्ही टोकं माहीत होती आणि मधलं माहीत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

आता योगायोग पाहा. त्याच १८३१ सालात, जानेवारीपासून, लंडनच्या ‘एक्झॅमिनर’ या साप्ताहिकात एक लेखमाला येत होती, ‘द स्पिरिट ऑफ द एज’. लेखक होता चोवीस वर्षांचा जॉन स्टुअर्ट मिल. त्याचं म्हणणं असं की आपल्या युगाचं मुख्य लक्षण म्हणजे ते संक्रमणाचं युग आहे. जुन्या संस्था आणि जुने विचार माणसांना अपुरे झाले आहेत, आणि नवे अजून हाती आलेले नाहीत. ‘एज ऑफ ट्रान्झिशन’ हा प्रयोग पुढे एकोणिसाव्या शतकात सर्वतोमुखी झाला. विचार करा, केवढी उडी आहे ही! रोमन माणसासाठी संक्रमण एका माणसाचं पाऊल होतं. मिलच्या लेखात आख्खं युगच पाऊल टाकतं आहे. आणि युगाला कोण जाब विचारणार?

मिलवर टीका करायची म्हणून मी हे सांगत नाही. त्याची जाणीव खरी होती. पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, इंग्लंडमध्ये मताधिकाराच्या सुधारणेचा मोठा कायदा झाला. तरुण मनाला जुनं कोसळताना दिसत होतं. पण त्या शब्दप्रयोगात एक तात्त्विक अडचण आहे, आणि तत्त्वज्ञानाचा मास्तर असल्यामुळे ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

ॲरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’मध्ये दोन प्रकारच्या क्रियांमध्ये भेद केला आहे. घर बांधणं ही एक क्रिया. ती चालू आहे तोवर अपुरी असते. घर पुरं झालं की बांधणं संपलं. पण पाहणं ही दुसऱ्या जातीची क्रिया. मी पाहतो आहे त्याच क्षणी मी पाहिलेलंही असतं. ती दर क्षणी पूर्ण आहे. जगणंही ॲरिस्टॉटलच्या मते याच दुसऱ्या प्रकारात मोडतं. आता एखाद्या काळाला आपण ‘संक्रमणकाळ’ म्हणतो तेव्हा त्या काळातल्या माणसांच्या जगण्याला पहिल्या प्रकारात ढकलतो. जणू त्यांचं जगणं म्हणजे विटा रचणं, आणि घर कुणा दुसऱ्याचं, पुढच्या शतकात राहायला येणाऱ्यांचं. खडकांच्या बाबतीत ही चूक निरुपद्रवी होती. माणसांच्या बाबतीत ती तशी राहत नाही.

ती कशी राहत नाही, हे आपल्याला वेगळं शोधायला नको. कारण हाच मिल वयाच्या सतराव्या वर्षी, १८२३ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला लागला होता आणि १८५८ पर्यंत, पस्तीस वर्षं, तिथेच होता. हिंदुस्थानात तो कधी आला नाही, पण हिंदुस्थानला जाणारे खलिते त्याच्या हातून तयार होत. १८५९ साली त्याचा ‘ऑन लिबर्टी’ आला. व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा समर्थ ग्रंथ क्वचितच लिहिला गेला असेल. त्यातच एक अट आहे. हे तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही. तिथे एकतंत्री राजवटही चालेल, मात्र तिचा हेतू त्या लोकांची सुधारणा हा हवा. म्हणजे स्वातंत्र्य सर्वांचंच, पण काहींचं आत्ता आणि काहींचं नंतर. नंतर म्हणजे केव्हा? ते ठरवणार कोण? जे आधीच पलीकडच्या काठावर आहेत, ते. इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी २००० साली आलेल्या ‘प्रोव्हिन्शियलायझिंग युरोप’ या पुस्तकात याला इतिहासाची प्रतीक्षा-खोली म्हटलं आहे. रेल्वे स्टेशनवरचं वेटिंग रूम आठवा. गाडी येणार आहे असं सांगितलेलं असतं. वेळापत्रक मात्र स्टेशनमास्तरच्या खोलीत.

गंमत अशी की याच मिलच्या वाचनाने आपल्याकडे गोपाळ गणेश आगरकरांसारखी माणसं घडली. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय, हा आगरकर आणि टिळक यांच्यातला वाद म्हणजे एका अर्थी संक्रमणाच्या क्रमाचा वाद होता. कोणतं पाऊल आधी टाकायचं? पण त्या वादात एक मोठा फरक आहे. वाद घालणारे दोघेही स्वतः चालणारे होते. काठावर उभं राहून दुसऱ्याला ‘थांब’ म्हणणारे नव्हते.

सरकारी संक्रमणाचं रूप पाहायचं तर २० ऑगस्ट १९१७ ला यावं लागेल. त्या दिवशी भारतमंत्री माँटेग्यू यांनी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये जाहीर केलं की हिंदुस्थानात जबाबदार राज्यपद्धती क्रमाक्रमाने आणायची आहे. ‘क्रमाक्रमाने’ हा त्यातला कळीचा शब्द. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती ‘सोपीव’, म्हणजे आपल्या मंत्र्यांकडे. पोलीस, अर्थ, जमीन महसूल ही ‘राखीव’, म्हणजे गव्हर्नरकडे. आणि दहा वर्षांनी एक आयोग येऊन पाहणार, की हे लोक पुढच्या इयत्तेत जायला लायक झाले का. तो आयोग दोन वर्षं आधीच नेमला गेला, तो सायमन आयोग. त्यात एकही भारतीय सभासद नव्हता. परीक्षार्थ्यांपैकी कुणी परीक्षक नसणार, हे संक्रमणाच्या त्या कल्पनेत आधीच ठरलेलं होतं.

सायमन आयोगावर बहिष्कार पडला हे आपण शाळेत शिकतो. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली त्या आयोगापुढे जाऊन काय मागितलं, हे कमी सांगितलं जातं. त्यांनी सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार मागितला. निरक्षर माणूस म्हणजे बुद्धी नसलेला माणूस, ही समजूतच चुकीची आहे, अशी त्यांची मांडणी होती. आधी शिका, मग मत द्या, या क्रमालाच त्यांनी हरकत घेतली. ज्याला समाजात सर्वांत जास्त सोसावं लागतं त्यालाच संरक्षणासाठी मताची सर्वांत जास्त गरज आहे. त्याला प्रतीक्षा-खोलीत बसवायचं हा कुठला न्याय?

एकवीस वर्षांनी घटना झाली आणि या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मताधिकाराला संक्रमण नाही! २६ जानेवारी १९५० ला घटना अमलात आली तेव्हा साक्षरतेची अट नव्हती, मालमत्तेची नव्हती, स्त्री-पुरुष भेद नव्हता. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार होते १७ कोटींहून अधिक. मतपेटीवर चित्रं, म्हणजे निवडणूक चिन्हं, लावून ती निवडणूक पार पडली. इंग्लंडला १८३२ च्या कायद्यापासून स्त्री-पुरुषांच्या समान मताधिकारापर्यंत पोचायला १९२८ साल उजाडलं. म्हणजे ९६ वर्षं. आपण ती पायरी-पायरीची वाट जाणूनबुजून नाकारली.

पण घटनाकार काही अव्यवहारी नव्हते. सगळंच एका रात्रीत होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून घटनेत एकविसावा भाग आहे. त्याचं मूळचं नाव होतं तात्पुरत्या आणि संक्रमणकालीन तरतुदी. नवी संसद निवडून येईपर्यंत कायदे कोण करणार, जुने न्यायाधीश पुढे चालू राहणार का, अशा गोष्टी तिथे लिहिल्या होत्या. त्या भागाचा शेवट कसा झाला पाहा. नवी संसद आली, काम संपलं, आणि ३७९ ते ३९१ ही तेरा कलमं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने काढून टाकली गेली. आज घटनेच्या प्रतीत तिथे फक्त ‘निरसित’ अशी नोंद दिसते. मला विचाराल तर, संक्रमण या शब्दाचा एवढा प्रामाणिक वापर दुसरीकडे क्वचितच सापडेल. कुठून, कुठे, केव्हापर्यंत, सगळं लिहिलेलं. पूल ओलांडून झाला आणि पूल काढला.

सगळीकडे मात्र तसं झालं नाही. १९६२ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने त्याच भागाच्या नावात ‘विशेष’ हा शब्द जोडला. तात्पुरतं, संक्रमणकालीन आणि विशेष, हे तीन अगदी वेगळे अर्थ एका छपराखाली आले. आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या विकास मंडळांचा आधार असलेलं ३७१ कलम याच भागात आहे. दुसरं उदाहरण इंग्रजीचं. ३४३ व्या कलमाने केंद्राच्या कारभारात इंग्रजीला १५ वर्षांची मुदत दिली. ती २६ जानेवारी १९६५ ला संपायची होती. त्याआधीच १९६३ चा राजभाषा कायदा झाला, ६५ च्या सुरुवातीला मद्रास प्रांतात मोठं आंदोलन पेटलं, १९६७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि इंग्रजी राहिली. ते बरं झालं की वाईट, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय. इथे मुद्दा एवढाच की तारीख लिहिलेली होती, म्हणून त्या दिवशी देशाला प्रश्नाला सामोरं जावं लागलं. तारीख नसती तर भांडणही झालं नसतं आणि निर्णयही झाला नसता. मुदतीचा उपयोग हाच. ती पाळली जाईलच असं नाही, पण मोडताना ती चारचौघांत मोडावी लागते.

आता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या युरोपात पुन्हा जाऊ, कारण आज आपण हा शब्द ज्या अर्थाने वापरतो तो बराचसा तिथे घडला आहे.

स्पेनमध्ये हे विशेषनामच झालं, ‘ला त्रान्सिसिओन’. २० नोव्हेंबर १९७५ ला हुकूमशहा फ्रँको मेला. जून १९७७ मध्ये निवडणूक झाली, ६ डिसेंबर १९७८ ला जनतेने सार्वमताने नवी घटना स्वीकारली. तीन वर्षांत हुकूमशाहीतून लोकशाही. जगभर तो आदर्श मानला गेला, आणि त्यात कौतुकास्पद खूप होतंही. पण चौथा प्रश्न विचारा. संक्रांत कोणावर? १९७७ च्या ऑक्टोबरात सर्वांना माफी देणारा कायदा झाला. राजकीय कैदी सुटले, आणि त्याच कायद्याने अत्याचार करणारेही सुटले. यादवीत आणि नंतर मारले गेलेले हजारो लोक बेनाम खड्ड्यांत पुरलेले होते. त्यांच्या नातेवाइकांना सांगितलं गेलं की आता ते उकरू नका. त्यांच्या मौनातून त्या संक्रमणाची किंमत चुकती झाली. पुढे २००७ मध्ये ऐतिहासिक स्मृतीचा कायदा आला आणि २०१९ च्या ऑक्टोबरात फ्रँकोचे अवशेष त्या भव्य स्मारकातून हलवले गेले. पुस्तकात १९७८ ला संपलेलं संक्रमण, ज्यांनी किंमत दिली त्यांच्यासाठी चाळीस वर्षांनीही चालूच होतं.

मग १९८९ आणि ९१. सोव्हिएत गट कोसळला आणि ‘ट्रान्झिशन इकॉनॉमी’ हा शब्द आला. संक्रमण करणाऱ्या अर्थव्यवस्था. या देशांना मदत करायला १९९१ मध्ये एक युरोपीय बँक उभी राहिली. कोणता देश किती पुढे गेला याचा अहवाल ती दरवर्षी काढू लागली. गुणपत्रिकाच ती! रशियात २ जानेवारी १९९२ ला बहुतेक वस्तूंच्या किमती मोकळ्या सोडल्या. वर्षभरात भाव वीसपटींहून जास्त चढले. आयुष्यभराची पुंजी भाकरीच्या दोन-चार तुकड्यांइतकी उरली. रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९९० च्या सुमारास ६४ वर्षांच्या जवळ होतं, ते १९९४ मध्ये ५८ च्या खाली आलं. शांततेच्या काळात, चार वर्षांत, सहा वर्षं कमी. या आकड्याला अहवालात ‘संक्रमणाचा खर्च’ म्हणता येतं. शब्द केवढा स्वच्छ आहे पाहा. त्यात कुणी मेलेलं दिसत नाही.

आणि पलीकडचा काठ? २००२ साली अमेरिकन अभ्यासक थॉमस कॅरदर्स यांनी एक लेख लिहिला. ज्यांना आपण लोकशाहीकडे संक्रमण करणारे देश म्हणतो, त्यांतले बरेचसे कुठेच चाललेले नाहीत. ते आहेत तिथे आहेत, आणि तिथेच राहतील. ‘संक्रमण’ ही चौकटच आता सोडून द्यावी, असं त्यांचं म्हणणं. मर्चिसनची आठवण येते की नाही? मधला खडक मधला नव्हताच. तो स्वतःच एक प्रकार होता, आपण त्याला नीट पाहिलं नव्हतं.

आता एक तुलना करू. आपली मुंबई. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. पुढे अभ्यासकांनी लिहिलं की उत्पादनाच्या शहरातून सेवाक्षेत्राच्या शहराकडे मुंबईचं संक्रमण झालं. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. कर्ता मुंबई. पण ज्या बाईने परळच्या चाळीत डबे करून घर चालवलं, ती या वाक्यात कुठे आहे? तिला कुणी विचारलं होतं का? तारीख दिली होती का?

दुसरीकडे जर्मनीचं रूर खोरं पाहा. १९५० च्या दशकात जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत सहा लाखांच्या आसपास माणसं होती. तिथेही धंदा बसला, आंदोलनं झाली, दुःख कमी नव्हतं. पण २००७ मध्ये सरकार, कंपनी आणि कामगार संघटना यांनी बसून ठरवलं की २०१८ च्या अखेरीस सरकारी मदत थांबेल आणि खाणी बंद होतील. अकरा वर्षांची मुदत. तोवर कुणाला लवकर निवृत्ती, कुणाला दुसरं काम. २१ डिसेंबर २०१८ ला बोट्रॉप गावच्या खाणीतून कोळशाचा शेवटचा तुकडा वर आला आणि खाणकामगारांनी तो राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला. जर्मनी श्रीमंत देश, आपली परिस्थिती वेगळी, हे सगळं मान्य. पण तारीख जाहीर करायला आणि समोरच्याला विचारायला श्रीमंती लागत नाही. आज चंद्रपूर-कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रांच्या भोवती राहणाऱ्या माणसांसमोर ‘ऊर्जा-संक्रमण’ हा शब्द बोलला जाईल, तेव्हा तो मुंबईच्या अर्थाने बोलला जाणार की रूरच्या, हे आपण विचारलं पाहिजे. कामगार चळवळीतून आलेला ‘जस्ट ट्रान्झिशन’, म्हणजे न्याय्य संक्रमण, हा शब्द २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत आहे. तो तिथे आपोआप आला नाही. संघटनांनी भांडून आणला.

शेवटी, गेल्या काही दशकांत या शब्दाला एक नवा वापर मिळाला आहे. पारलिंगी व्यक्ती आपल्या लिंग-ओळखीनुसार जगू लागते, तिला इंग्रजीत ट्रान्झिशन म्हणतात. आणि तिथे हे क्रियापदासारखंही वापरतात. ‘ती ट्रान्झिशन करते आहे.’ दोन हजार वर्षांनी या शब्दाला पुन्हा माणूस कर्ता मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात म्हटलं की आपली लिंग-ओळख काय हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचाच आहे. २०१९ च्या कायद्याने मात्र ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज आणला. पुन्हा तोच जुना वाद. चालणाऱ्याने ठरवायचं, की काठावरच्या साहेबाने?

मराठीत लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांसाठी एक छोटी सूचना करून थांबतो. आपल्याकडे दोन चांगले शब्द आहेत. ‘स्थित्यंतर’ म्हणजे एक स्थिती जाऊन दुसरी आली. घडून गेलेल्या गोष्टीसाठी तो वापरावा. ‘संक्रमण’ यात पाऊल आहे, म्हणून पाय कोणाचे ते सांगता येत असेल तरच तो वापरावा. आणि कुणी व्यासपीठावरून म्हणालं की ‘हा संक्रमणाचा काळ आहे, थोडी कळ सोसा’, तर अदबीने हात वर करून विचारावं : साहेब, कुठून, कुठे, कधीपर्यंत, आणि कळ नेमकी कोणी सोसायची? उत्तर मिळालं तर आनंदाने बरोबर चालावं. नाही मिळालं, तर तो संक्रमणाचा काळ नसून आपल्याला नुसतं थांबवून ठेवलेलं आहे, असं समजायला हरकत नाही.

 आता प्रश्न विचारा.